छत्तीस फोटोंची यादी

तुंगारेश्वरचं देऊळ आमच्या वसईत कुणाला सांगावं लागत नाही. महाशिवरात्रीला सगळा तालुका तिथे लोटतो. आम्ही पापडीची ख्रिस्ती पोरंसुद्धा लहानपणी जत्रेतल्या शेव-रेवड्यांसाठी हटकून जायचो. पण देवळामागचा ओढा ओलांडून जी पायवाट वर चढते, तिच्यावर पाऊल ठेवणारे फार थोडे. आमच्या वाड्यांतून रोज दिसणारा तो निळसर डोंगर जवळ गेल्यावर किती आडदांड आहे, हे तिशी उलटेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. तिथे मी फोटो काढायला दोनदा गेलो. पहिल्यांदा तिघेजण तीन महिने तयारी करून गेलो, दुसऱ्यांदा एकटाच, कसलीही तयारी न करता. लिहायला बसलोय ते पहिल्या खेपेबद्दल, पण दुसरी सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.

भुईगावचा ओटा

आम्ही तिघे म्हणजे फिलिप मास्तर, जनू आणि मी. फिलिप भुईगावचा, शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरीही भूगोलच शिकवायचा. जनू गिरीजचा, त्याची केळीची वाडी. मी इनास, सोमवार ते शनिवार मुंबईत कारकून आणि रविवारी लग्नांचा फोटोग्राफर. पापडीच्या एका स्टुडिओच्या मालकाकडे मी हे काम शिकलो होतो आणि त्यांचाच जुना कॅमेरा हप्त्याने घेतला होता.

निमित्त झालं ते फिलिपच्या मावसभावाचं. तो कुवेतला नोकरीला. सुट्टीवर येताना त्याने एक रंगीत रोल आणला, छत्तीस फोटोंचा. तेव्हा आमच्याकडे रंगीत रोल म्हणजे अप्रूपच. लग्नंसुद्धा काळी-पांढरी निघायची. हा रोल नवरा-नवरीवर घालवायचा नाही, असं फिलिपने जाहीर केलं. डोंगरात जायचं, चौशिंगा टिपायचा, म्हणजे ते चार शिंगांचं छोटं हरीण, आणि ईस्टरला चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं.

मग दर रविवारी मिस्सा आटोपली की फिलिपच्या ओट्यावर सभा. त्याची आई चहा आणून आणून थकली. "एवड्यात तुमी तिगे जाऊन परत आले असते," ती म्हणायची. पण फिलिपला घाई नव्हती. नकाशा गिरवला गेला. कपडे खाकी, पांढरं अंगावर नको. डोक्याला तेल नको, जनावराला वास जातो. कुणी खोकायचं असेल तर आधीच खोकून घ्यायचं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे छत्तीस फोटोंची वाटणी. ती फिलिपने शाळेतला खडू आणून ओट्याच्या फरशीवर मांडली आणि सगळ्यांना पटल्यावर वहीत उतरवली: चौशिंगा बारा, धनेश पक्षी आठ, डोंगरदऱ्या दहा, वाटेत काही दिसलं तर चार, राखीव दोन.

या यादीवर आम्ही तीन रविवार भांडलो. जनूला दऱ्या जास्त हव्या होत्या, फिलिपला धनेश. माणसांचा विषय तिघांपैकी एकाच्याही तोंडून निघाला नाही. आज ती वही समोर आहे आणि मला त्याचीच लाज वाटते.

वाटाड्याची सोय जनूने केली. वर पठारावर वारल्यांचा एक छोटा पाडा आहे, तिथला जान्या. भातकापणी उरकली की तो उतरून जनूच्या वाडीत आळी खणायला, पाटाचं पाणी फिरवायला येई. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, पण आम्ही सगळेच त्याला नुसतं जान्या म्हणायचो. तोही आम्हाला सरळ अरे-तुरे करायचा, मास्तर असो की आणखी कुणी. त्याच्या बोलीत अहो-जाहो नाहीच. फिलिपला ते पहिल्यांदा थोडं झोंबलं होतं.

"चौशिंगं दाखवशील ना?" जनूने विचारलं.

"दावीन ना. पन तिगंच या. आनि तोंडं बंद ठेवा."

शुक्रवार

फिलिपने आणि मी दोन दिवसांची रजा टाकली होती, आणि निघायच्या सकाळीच फिलिप पांढराशुभ्र शर्ट घालून हजर. उपवासकाळ चालू होता. सकाळच्या मिस्सेवरून तो तसाच आला होता. तीन महिने आम्हाला खाकीचं व्याख्यान देणारा माणूस! जनू इतका हसला की त्याच्या पिशवीतली सुकेळी खाली पडली. सुकेळी म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली राजेळी केळी, पानांत बांधलेली. प्रवासाला तिच्यासारखं खाणं नाही, टिकते आणि पोटालाही आधार देते. फिलिपला शेवटी, देवळापाशी न्यायला आलेल्या जान्याचं घोंगडं पांघरून तीन दिवस काढावे लागले.

देवळापासून वर चढायला आम्हाला चार तास लागले. ओढ्याच्या दगडांवरून वाट जाते, मग अंगावर येणारा चढ, मध्ये कारवीचं रान आणि पायाखाली घसरणारा मुरूम. जान्या अनवाणी, डोक्यावर आमचं बोचकं, आणि तरी दर वळणावर आमची वाट बघत उभा. वर पोहोचलो तर एकदम सपाटी, पळस पेटलेला, आणि पाच-सहा कुडाची घरं.

जान्याच्या बायकोचं नाव लाडकी. अंगण इतकं स्वच्छ सारवलेलं की बूट घालून उभं राहवेना. तिने पाणी दिलं, माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि जान्याच्या कानात काहीतरी सांगितलं. जान्या हसला, लाजला, मग माझ्याकडे आला.

"ती बोलते, आमचा दोगांचा फोटू काढ."

"काढू की," मी म्हणालो. असल्या वेळी हे शब्द माझ्या तोंडून आपोआप यायचे.

"मागं कूपवाला सायब आलता, लाकडं तोडाया. त्यानं काढला. पन दावला नाय."

"तो कसला दावतो," लाडकी दारातून म्हणाली. "तू दावशील का?"

"दाखवीन. घरी आणून देईन."

ती आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. शेजारच्या घरातून कुणाच्या तरी माळा मागून आणल्या, पेटीतलं जांभळं लुगडं काढलं, केसांना तेल लावलं. जान्याने अंगात सदरा घातला. तो जनूच्या वडिलांनी दिलेला होता. दोघं घराच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. लाडकी डावीकडे, जान्या उजवीकडे, हाताला हात जेमतेम लागेल इतक्या अंतरावर. आणि माझ्याकडे अशी बघू लागली की जणू मी काही गंभीर निकाल देणार आहे.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लग्नात प्रत्येक काका-मामाला स्वतःचा फोटो हवा असतो आणि रोल तर मोजका. तेव्हा मालकांनी मला शिकवलं होतं: फ्लॅशच्या पाठीवर तपासणीसाठी एक बारीक बटण असतं, ते दाबायचं. लख्ख उजेड पडतो, समोरचा खूश होतो, आणि कॅमेऱ्यातली फिल्म जागची हलत नाही. नंतर कुणी विचारलंच तर म्हणायचं, खराब झाला. मी हे इतक्या वेळा केलं होतं की बोटाला त्याची सवय जडली होती.

उजेड उतरला होता, त्यामुळे फ्लॅश लावणं कुणालाही खटकलं नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावला. वहीतली यादी मला पाठ होती, आणि यादीत हे दोघं नव्हते. मी "हलू नका" म्हणालो आणि मागचं बटण दाबलं.

पाड्यातली सगळी माणसं "हाऽऽ" करून हसली. लाडकीने डोळे मिटले होते. तिने काळजीने विचारलं, "डोले मिटलं माजं. आता कसा येल?"

"चांगला येईल, बाई. काळजी नको."

फिलिपने वही हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. त्याने वहीत काही लिहिलं नाही, फक्त गालात हसला. तो माझा मित्र आहे आणि मी त्याला दोष देत नाही, पण ते हसू आम्हा दोघांचं होतं.

त्यानंतर जेवण. जान्याने आमच्यासाठी कोंबडा कापला होता. घरात एकच होता, हे नंतर जनूकडून कळलं. नागलीची भाकरी आणि तो झणझणीत रस्सा. आणि वार शुक्रवार, तोही उपवासकाळातला, म्हणजे मांस वर्ज्य! तीन महिन्यांच्या नियोजनात हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. फिलिपने हात जोडून नको म्हटलं आणि कोरडी भाकरी सुकेळीशी खाल्ली. लाडकीचा चेहरा पडला. तिला वाटलं तिच्या हातचं चालत नाही.

"आमचा आज उपास असतो," मी समजावलं, "देवाच्या नावाने."

"मंग उद्या खाईल?" तिने विचारलं.

"उद्या खाईन," फिलिप म्हणाला. पण उद्यासाठी तिने काय उरवलं असणार? जनू हिंदू, त्याला शुक्रवारचं बंधन नव्हतं, तो जेवला. तिचं मन राखायला मीही जेवलो, आणि खरं सांगायचं तर भूकही लागली होती. शुक्रवारी कोंबडी खाल्ली हे मी पुढे कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, बसलो तेव्हा फादरांना सांगितलं, त्यांनी प्रायश्चित्तही दिलं. फ्लॅशच्या बटणाबद्दल मात्र बोललो नाही. ते पाप आहे असं तेव्हा वाटलंच नव्हतं.

शनिवार

उजाडायच्या आत जान्याने आम्हाला एका डोहाजवळ नेलं. फेब्रुवारीत सगळं आटतं, पण तिथे कातळाच्या कुशीत पाणी राहतं. आदल्या आठवड्यातच त्याने जांभळाच्या फांद्यांचा आडोसा करून ठेवला होता. पानं कोमेजून रंग बदलला होता, म्हणजे जनावरांना त्याची सवय झाली असणार. आमच्या यादीत आडोसा नव्हता. जान्याला तो न सांगता सुचला होता.

दोन तास आम्ही मुंग्या सहन करत बसलो. मग समोरच्या गवतातून तो आला. केवढासा! आमच्या वाडीतल्या शेळीहूनही नाजूक, रंग वाळक्या पानाचा, दोन शिंगं मागे आणि पुढे दोन इवलीशी बोंडं. पाण्याशी येऊन थांबला, कान फिरवले, आणि प्यायला लागला. मी सात फोटो काढले. आठव्याच्या आधी मागे कलकलाट उठला. सुकेळीच्या वासाने माकडं जनूच्या पिशवीवर तुटून पडली होती. एक हुप्प्या पानांची आख्खी पुडी घेऊन आंब्यावर चढला. डोक्याचं तेल टाळलं होतं आणि केळी विसरलो होतो. वळून पाहिलं तोवर चौशिंगा गेला होता.

जान्या तोंडावर हात दाबून हसत होता. "तेला सांगा, तोंड बंद ठेव," तो माकडाकडे बोट करून म्हणाला.

दुपारी धनेशाची जोडी मिळाली, सहा फोटो झाले. मग तो आम्हाला पश्चिमेच्या कड्यावर घेऊन गेला. तिथून आमची वसई पहिल्यांदा सगळी एका नजरेत पाहिली. खाडीचं वळण, मिठागरांचे चौकोन, मग वाड्यांचा हिरवा पट्टा, चर्चचे मनोरे आणि त्याच्या पलीकडे समुद्र. जनू गिरीज शोधत होता, फिलिप भुईगावचा किनारा. आपलं गाव इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं.

"मी हितं रोज बसतो गुरं घेऊन," जान्या म्हणाला. "तुजी वाडी कवाची वलखतो मी." तो त्या हिरव्या पट्ट्याकडे बोट करून उभा होता, उन्हं त्याच्या तोंडावर होती. मी कॅमेरा उचलला आणि त्याला म्हणालो, "जान्या, जरा बाजूला हो, दरी झाकतोस."

तो बाजूला झाला. दऱ्यांचे दहा आणि वाटेतले चार, असे हिशेबाने चौदा फोटो मी तिथे आणि परतीच्या वाटेवर पुरे केले.

रविवार

पापडीची दहाची मिस्सा चुकवायची नाही, हे फिलिपने पहिल्या सभेतच लिहून घेतलं होतं. म्हणून तांबडं फुटताच निघालो. लाडकी लांब पाण्याला गेली होती, निरोपही झाला नाही. कॅमेऱ्यात नऊ फोटो शिल्लक होते, आणि ते मला माहीत होतं. "थांबा, तिला येऊ द्या, मी नीट एक काढतो," एवढंच म्हणायचं होतं. पण फोटो तर मी काढला होता ना, सगळ्या पाड्यादेखत! पुन्हा काढतो म्हटलं असतं तर परवा काय केलं होतंस, हा प्रश्न आला असता. त्या एका प्रश्नाला मी भ्यालो.

जान्या ओढ्यापर्यंत आला. बोचकं खाली ठेवून म्हणाला, "होलीच्या आत फोटू आनशील ना? तिला सांगितलंय मी."

"आणतो," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी आम्ही भुईगावच्या किनाऱ्यावर बसलो. सोमवारी रोल धुवायला मुंबईला द्यायचा होता, आणि अर्धवट रोल कुणी धुवायला देत नाही, तो संपवतात. मग संपवला. फिलिप होडीवर चढून हात पसरून उभा. जनू ओंडक्यावर झोपल्याचं सोंग करून. कुणाचा तरी कुत्रा. कुत्रा पुन्हा एकदा. समुद्र, नुसताच. नऊच्या नऊ आम्ही हसत हसत उडवले.

ईस्टरचं प्रदर्शन गाजलं. चौशिंग्यासमोर माणसं रांगेने उभी होती. माझी आई सगळे फोटो बघत शेवटपर्यंत गेली, परत फिरली आणि म्हणाली, "ज्याच्या घरा जेवलास तो नाय कुठं?"

मी म्हणालो, त्याचा फोटो नीट आला नाही. ती वळली आणि घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली.

पुन्हा एकदा

होळी तर ईस्टरआधीच गेली होती. मग मे महिना, दर रविवारी लग्न. मग पाऊस, ओढा भरला, वाट बंद. मग नाताळ. कारणं सगळी खरी होती. जान्या त्या हिवाळ्यात जनूच्या वाडीला आला नाही, तेव्हा वाटलं, दुसरीकडे काम मिळालं असेल. विचारायला मी गेलो नाही, आणि मनातून बरंच वाटलं.

वर्षाने, पुन्हा पळस फुलला तेव्हा, मी एकटा चढलो. कॅमेऱ्यात कोरा रोल, यादी नाही. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं.

लाडकी अंगणात नागली पाखडत होती. मला पाहून सूप खाली ठेवलं.

"आनलास का?"

"जान्या कुठाय?" मी विचारलं.

"गेला. आषाडात. ताप आलता." मग पुन्हा, "फोटू आनलास का?"

चढताना मी ठरवलं होतं, खरं सांगायचं. बटणाचं, यादीचं, सगळं. पण तोंडातून निघालं ते मालकांनी शिकवलेलंच. "खराब झाला, बाई. आला नाही."

तिने सूप बाजूला सरकवलं. मग उलट माझीच समजूत घालायला लागली. "तू काय करशील? मशीन हाय. माजंच डोले मिटलं व्हतं." तिने मला पाणी दिलं.

"आता काढतो," मी म्हणालो. "या वेळी नक्की."

ती आत गेली आणि तेच जांभळं लुगडं नेसून आली. गळ्यात माळा नव्हत्या. नवऱ्यामागे त्या घालत नाहीत, असं शेजारणीने सांगितलं. लाडकी भिंतीपाशी गेली आणि डावीकडे जाऊन उभी राहिली, अगदी त्याच जागी.

"बाई, मधे ये."

"नको," ती म्हणाली. "तो हितं उबा व्हता." आणि उजवीकडची मोकळी भिंत हाताने दाखवली. "तसाच काढ."

मी फ्लॅश काढून पिशवीत टाकला. ऊन चांगलं होतं. मी पुन्हा पुन्हा काढले, रोल संपेपर्यंत. तिने एकदाही डोळे मिटले नाहीत.

या खेपेला आठ दिवसांत फोटो घेऊन गेलो. त्यातला सगळ्यात चांगला मोठा करून घेतला होता. तिने तो दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे नेला. स्वतःकडे तिने फारसं पाहिलंच नाही. बोट मोकळ्या भिंतीवर ठेवलं आणि तिथेच ठेवून राहिली.

"मागं काढलास तेच्यात आमी दोगं आलतो ना?" तिने विचारलं. "खराब झाला. पन दोगं आलतो ना?"

"हो," मी म्हणालो. "दोघंही आला होतात."